तारेवरचा लाल दिवा: सातारा-सांगलीच्या लाइनवर फॉल्ट इंडिकेटर कितपत कामाचा?

पावसात फिडर (सबस्टेशनमधून निघणारी लाइन) ट्रिप झाला की सबस्टेशनच्या पॅनलवर एवढंच दिसतं: ओव्हरकरंटवर (जादा करंटमुळं) गेला की अर्थ फॉल्टवर (करंट जमिनीत गेल्यामुळं). पंचवीस किलोमीटरच्या लाइनीत नेमकं कुठं काय झालंय, हे पॅनल सांगत नाही. मग दोन वायरमन टॉर्च घेऊन निघतात, मधला एबी स्विच (पोलवरचा लाइन तोडायचा स्विच) उघडतात, ऑपरेटरला फोन करून ट्रायल घ्यायला, म्हणजे लाइन पुन्हा चालू करून बघायला सांगतात. लाइन टिकली तर फॉल्ट पुढं, नाही टिकली तर मागं. असं अर्धं-अर्धं करत शेवटी तो फुटका पिन इन्सुलेटर (तार पोलपासून अलग धरणारा) सापडतो. बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो, सापडायला मात्र अख्खी रात्र.

ही रात्र वाचवायला जे उपकरण मिळतं ते म्हणजे फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. आपल्याकडं सगळे नुसतं ‘एफपीआय’ म्हणतात. मुठीएवढा नग, तारेला चिमट्यानं अडकवायचा. प्रत्येक फेजला एक, म्हणजे एका ठिकाणी तीन. शेजारच्या पोलवर एक पेटी: आत सिमकार्ड आणि बॅटरी, वर छोटं सोलर पॅनल. फॉल्टचा करंट ज्या ठिकाणावरून वाहून गेला तिथले नग लाल लुकलुकतात आणि पेटी मोबाइलवर निरोप धाडते. लुकलुकणारा शेवटचा संच आणि त्यापुढचा न लुकलुकणारा पहिला संच, या दोघांच्या मध्ये फॉल्ट. हा आढावा कुठल्या एका कंपनीचा नाही. या जातीचं उपकरण आपल्या दोन जिल्ह्यांत कुठं चालतं आणि कुठं फसतं, त्याचा आहे. स्वतःची ११ केव्ही किंवा ३३ केव्ही लाइन सांभाळणारे साखर कारखाने, उपसा सिंचन संस्था, एमआयडीसीतले मोठे ग्राहक आणि वितरणातले अभियंते यांच्यासाठी तो लिहिला आहे.

मत आधीच सांगतो. घ्यावं. त्यानं फॉल्ट थांबत नाही, पण ट्रायल थांबते, आणि खरी किंमत त्याचीच आहे. तुटलेली तार शेतात पडलेली असताना घेतलेली प्रत्येक ट्रायल म्हणजे त्या तारेत पुन्हा वीज सोडणं. त्या वेळी तिथं कोण उभं आहे, हे सबस्टेशनमधून कुणालाच दिसत नाही. शिवाय प्रत्येक ट्रायलला ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला धक्का बसतो आणि वाटेतले सगळे जॉइंट तापतात. मात्र हे उपकरण पेटीतून काढून तारेला लावलं आणि झालं, असं नाही. सेटिंग आणि जागा चुकली तर ते गप्प बसतं, नाही तर खोटं बोलतं.

सेटिंग: सगळ्यात जास्त घोळ इथं होतो

नग फॉल्ट ओळखतो तो दोन खुणांवरून. आधी करंटची एकदम उसळी, आणि लगेच पुढच्या काही सेकंदांत तारेवरचं व्होल्टेज जाणं. उसळी आली पण लाइन जिवंत राहिली, तर ती मोटार चालू झाल्याची म्हणून तो सोडून देतो. म्हणूनच एखाद्या डीपीचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरचा) डीओ फ्यूज उडाला तर मेन लाइनवरचा नग काहीच दाखवत नाही, कारण मेन लाइन बंदच पडलेली नसते. ही त्याची चूक नव्हे. तो बनवलाच तसा आहे.

उसळी किती मोठी धरायची, ते हिशोबानं ठरवा. सबस्टेशनमध्ये ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. ११ केव्ही बाजूला त्याचा पूर्ण भार २६२ अँपियर. इम्पीडन्स ७.१५ टक्के धरला तर सबस्टेशनच्या बसबारजवळ तिन्ही फेज शॉर्ट झाल्यावर साडेतीन हजार अँपियरच्या आसपास करंट वाहतो. तोच शॉर्ट २० किलोमीटर ‘रॅबिट’ (मध्यम जाडीच्या) तारेच्या टोकाला झाला तर करंट साडेचारशेच्या आत येतो. दोनच फेज एकमेकींना चिकटल्या तर ३८० च्या आसपास. तार ‘वीझल’ (रॅबिटहून बारीक) असेल तर त्याहून बराच कमी, अडीचशेच्या घरात. आता नग ५०० अँपियरवर सेट होऊन आला आणि तसाच लावला, तर टोकाकडचा एकही फॉल्ट त्याला दिसणार नाही. वळवाच्या वाऱ्यात तारा एकमेकींवर आदळतात त्या मात्र बहुतेक टोकाकडच्याच, कारण तिथले गाळे (दोन पोलांमधली अंतरं) लांब असतात आणि ताण (पोल ओढून धरणाऱ्या तारा) सैल पडलेले असतात.

म्हणून नियम साधा ठेवा. त्या ठिकाणच्या सर्वांत मोठ्या भाराच्या वर, आणि त्यापुढच्या टोकाच्या दोन-फेज फॉल्टच्या बराच खाली. फाट्यावर (मेन लाइनवरून फुटणाऱ्या शाखेवर) भार ६० अँपियर आणि टोकाचा फॉल्ट २५० असेल तर १२० ते १५० योग्य. प्रत्येक ठिकाणाचं सेटिंग वेगळं निघतं. सगळ्या संचांना एकच आकडा देणारा पुरवठादार हिशोब न करता माल देतोय, असं खुशाल समजा. भारावर स्वतःच नजर ठेवून ‘आत्ताच्या करंटपेक्षा एकदम इतकी वाढ’ असं मोजणारे नगही मिळतात. शेतीपंपांच्या फिडरवर तेच घ्यावेत, कारण तिथं भार शून्यावरून थेट पूर्णावर जातो.

लाइन परत चार्ज होते तेव्हा सगळ्या डीपी एकदम करंट ओढतात, आणि तो फॉल्टसारखाच दिसतो. त्यासाठी ‘इनरश’ टाळण्याची सोय असते: व्होल्टेज आल्यावरची पहिली काही सेकंदं नग डोळे मिटून बसतो. ही सोय बंद ठेवून आलेला माल असतो, तपासून घ्या. नाही तर निरोगी फाट्यांवरही दिवे लागतात, आणि असं दोनदा झालं की वायरमन त्या दिव्याकडं बघणंच सोडून देतात.

अर्थ फॉल्टचा मुद्दा वेगळा. एकटा नग फक्त आपल्या फेजचा करंट मोजतो. जमिनीत गेलेला ३०-४० अँपियरचा करंट भारात लपून जातो. तो पकडायचा तर पेटीनं तिन्ही नगांच्या करंटची एकाच क्षणाची वेक्टर बेरीज करायला हवी. पत्रकात ‘अर्थ फॉल्ट ओळखतो’ एवढंच लिहिलेलं असतं. बेरीज होते की नाही, आणि कमीत कमी किती अँपियरला, हे लेखी विचारा.

रिसेटचा वेळही इथंच ठरवा. व्होल्टेज आलं की लगेच दिवा विझतो अशी मांडणी असेल, तर चुकून घेतलेली एक ट्रायल काही सेकंद टिकली तरी सगळा पुरावा पुसला जातो. व्होल्टेज सलग पाच मिनिटं टिकल्यावरच रिसेट ठेवा. ठराविक वेळेनंतर आपोआप विझण्याचं सेटिंग पुष्कळदा चार तासांचं असतं. कराडच्या आसपास ते चालेल. बामणोली-तापोळ्याकडं पोल गाठायलाच तेवढा वेळ लागतो, तिथं २४ तास करा.

पश्चिमेकडं: झाडं, धुकं आणि गायब झालेलं नेटवर्क

महाबळेश्वर, जावळी, पाटण, कोयनानगर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पावसात फांद्या पडतात, दरडीबरोबर पोल जातात आणि चालत पेट्रोलिंग करणं माणसाच्या जिवावर बेततं. फॉल्ट कुठं आहे हे आधी कळण्याची गरज सगळ्यात जास्त इथंच, आणि उपकरणाची परीक्षाही इथंच.

पहिली अडचण निरोपाची. खोऱ्यांत रेंज मुळातच तुरळक. जिथं आहे तिथं वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते, मग पेटी निरोप पाठवणार कुणाकडं? म्हणजे या भागात केवळ मोबाइलवर विसंबणारा संच नको. तारेवरचा दिवा हवाच. पण भर धुक्यात तोही पोलखाली उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे हातात धरायचा रेडिओ रीडर: रस्त्यावर गाडी थांबवून नगाची स्थिती आणि शेवटच्या फॉल्टची वेळ वाचता येते. डोंगरमाथ्यावर एक पेटी ठेवून खोऱ्यातले संच ८६५-८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त रेडिओवर तिला जोडणं, हा त्याच्या पुढचा मार्ग. मात्र दोघांमध्ये कडा आडवा येता कामा नये.

दुसरी अडचण बॅटरीची. पेटी सरासरी अर्धा वॅट घेत असेल तर दिवसाला १२ वॅट-तास झाले. १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात आणि त्यातले ५० वापरण्याजोगे. म्हणजे ऊन नसलं तर चार दिवस. आषाढात तिकडं पंधरवडाभर सूर्य दिसत नाही. तेव्हा एक तर सरासरी ०.१५ वॅटच्या आत घेणारी पेटी मागा, नाही तर २६ अँपियर-तासाची बॅटरी. पॅनल दक्षिणेकडं आणि जरा जास्त उभं बसवा, म्हणजे शेवाळ कमी धरतं.

नगाची स्वतःची बॅटरी कशी चालते, तेही बघा. तारेतल्या करंटवर पोसणारे नग मिळतात. कारखान्याच्या फिडरवर उत्तम चालतात. शेतीच्या फिडरवर पावसाळ्यात करंट नावालाच असतो आणि लाइनही ठरलेल्या तासांपुरतीच चालू. तिथं लिथियम बॅटरीवालेच घ्या.

चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांच्या ३३ केव्ही लाइनला साधा नग चालत नाही. तिथं करंट दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळं फॉल्टच्या अलीकडचे-पलीकडचे दोन्ही दिवे लागू शकतात. करंटची दिशा ओळखणारा नग घ्यावा लागतो.

कृष्णा-वारणेच्या काठावर: लाइन जिवंत आहे का?

महापुरात फॉल्ट शोधण्याचा प्रश्नच नसतो, कारण लाइन आपणच बंद करतो. प्रश्न वेगळा असतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आता तारेचा हिशोब करा. रस्ता सोडून इतर ठिकाणी ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेखाली जमिनीपासून कमीत कमी ४.६ मीटर अंतर नियमानं लागतं. भिलवडी, ब्रह्मनाळ, हरिपूरच्या रानात दहा फूट, म्हणजे तीन मीटर पाणी चढलं की तारेखाली उरतात १.६ मीटर. बोटीत उभा राहिलेला माणूस त्याहून उंच असतो.

अशा वेळी एफपीआयचं व्होल्टेज दाखवणारं अंग सोन्यासारखं आहे. कुठला तुकडा जिवंत आणि कुठला मृत, हे नियंत्रण कक्षात बसून नकाशावर दिसतं आणि बोटीचा मार्ग ठरवताना हाताशी राहतं. पण या दिव्यावर भरवसा ठेवून कुणी तारेला हात लावायचा नाही. नग तारेभोवतीचं विद्युत क्षेत्र मोजतो. शेजारून दुसरी लाइन गेली असेल किंवा पाणी वर आलं असेल तर हे क्षेत्र बदलतं. बॅटरी संपलेला नग आणि मृत लाइन या दोन्ही गोष्टी स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये सारख्याच करड्या दिसतात. हा दोष लहान नाही. ‘लाइन मृत’ आणि ‘नगाशी संपर्क नाही’ यांना दोन वेगळे रंग नसतील तर तो संच घेऊ नका. काम करायचं तर परमिट (लाइन बंद करून कामाची लेखी परवानगी), टेस्टर आणि दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारा), यात काही सूट नाही. चेंजओव्हर स्विच न लावता चालवलेला एखादा जनरेटरही डीपीतून उलटा ११ केव्ही तयार करतो.

पेटी बसवताना २०१९ च्या पाण्याची खूण बघा आणि तिच्या वर किमान एक मीटर जा. तेवढा पोल उरत नसेल तर पेटी बांधाच्या बाजूच्या उंच पोलवर न्या. काठावरच्या काळ्या रानात पाणी ओसरल्यावर पोल कलतात, ताण ढिले होतात. काही पेट्यांत कल मोजणारा सेन्सर असतो, ५ अंशांच्या पुढं गेलं की निरोप येतो. नदी ओलांडणाऱ्या गाळ्याच्या दोन्ही टोकांना तो असावाच. उपसा संस्थांच्या जॅकवेलकडं (नदीकाठच्या पंपविहिरीकडं) जाणाऱ्या फाट्याला तर सगळ्यात आधी.

पूर्वेकडं: जिथं हा दिवा लागत नाही

जत, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, माण, खटाव. इथलं संकट वळवाचं: एप्रिल-मे महिन्यांत तासाभराचा वारा, गारा, विजा. तार तुटून उघड्या खडकावर पडते. कोरडा बेसाल्ट वीज फारशी वाहून नेत नाही, जमिनीत जाणारा करंट एक-दोन अँपियरपासून फार तर काही अँपियर. सबस्टेशनची रिले (फॉल्ट ओळखून लाइन तोडायला लावणारी) ट्रिप होत नाही आणि एफपीआयलाही उसळी दिसत नाही. लाइन चालू, दिवा बंद आणि जिवंत तार रानात. सगळ्यात जीवघेणा फॉल्ट या उपकरणाला दिसत नाही, हे विकणारा सांगत नाही म्हणून इथं ठळक सांगतो.

यावर एक युक्ती आहे. फाट्याच्या टोकाला व्होल्टेज मोजणारा संच लावायचा. तार मध्येच तुटली की अलीकडच्या संचावर तिन्ही फेज पूर्ण दिसतात आणि टोकाच्या संचावर एक फेज पडलेली. पण ती शून्यावर येत नाही. पुढच्या डीपींच्या डेल्टा वाइंडिंगमधून (तिन्ही फेज एकमेकींना जोडणाऱ्या गुंडाळीतून) उरलेल्या दोन फेज तिला अर्ध्याच्या आसपास व्होल्टेज पुरवत राहतात. म्हणून ‘व्होल्टेज गेलं’ची मर्यादा ७० टक्क्यांवर ठेवा, २० वर नको. यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: तुटलेल्या तारेचं सबस्टेशनकडचं टोक जसं जिवंत, तसंच पलीकडचं टोकही जिवंत असू शकतं. खाली पडलेल्या कुठल्याच टोकाला ‘हे मेलेलं आहे’ समजून जवळ जाऊ नका.

डीपीला स्मार्ट मीटर असेल तर हीच खूण तिथंही उमटते: एका फेजला २३० व्होल्ट आणि उरलेल्या दोन्हींना ११५ च्या आसपास. घरातले दिवे मिणमिणतात, मोटारी घुमतात पण फिरत नाहीत. असा आकडा एका फाट्यावरच्या सगळ्या डीपींवर एकदम आला तर तो डीपीचा दोष नाही. वर तार तुटली आहे किंवा जंप (तारेला तार जोडणारा तुकडा) सुटला आहे, लाइन ताबडतोब बंद करा.

विजांच्या बाबतीत इंडिकेटर काही रोखत नाही, ते काम लाइटनिंग अरेस्टरचं. पण तात्पुरत्या ट्रिपची नोंद तो ठेवतो, आणि ही नोंद भलतीच उपयोगी आहे. वीज पडून पिन इन्सुलेटरला केसाएवढी चीर जाते. खालून बघितलं तर इन्सुलेटर धड दिसतो. पहाटे दव पडलं की चिरेत ओल उतरते, लाइन ट्रिप होते. दहाला ऊन तापलं की तीच लाइन आरामात टिकते आणि पेट्रोलिंगला काही सापडत नाही. नोंदीत एकाच तुकड्यावर आठवड्यात तीन पहाटे ट्रिप दिसल्या, तर परमिट घेऊन त्या तुकड्यातले पिन इन्सुलेटर उतरवून मेगर करा (मेगरनं त्यांचा रोध मोजा). पेट्रोलिंगवर निघणाऱ्यांच्या फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप असू द्या, आसपास विजा पडत असतील तर त्यावर कळतं.

बसवणं

परमिट घेऊन, अर्थ करूनच बसवा. पोलपासून एक ते दोन मीटर अंतर ठेवा, जंपवर किंवा जॉइंटवर लावू नका. वीझल तार ७.७७ मिलिमीटर जाडीची, रॅबिट १०.०५, डॉग १४.१५. डॉगसाठी बनलेला चिमटा वीझलवर सैल बसतो, वाऱ्यात फिरतो आणि वर्षभरात बाहेरचे पदर घासून टाकतो. तारेचा हातभर तुकडा बरोबर नेऊन दुकानातच चिमटा लावून बघा.

जागा निवडताना प्रत्येक फाट्याच्या सुरुवातीला, फाट्यावरच, एक संच. मेन लाइनवर अवघड पट्ट्याच्या अलीकडं आणि पलीकडं एकेक. चार फाट्यांच्या फिडरला सहा ठिकाणं धरली तर अठरा नग, आणि वर दोन-तीन सुटे. संच एबी स्विचच्या लगत असावा, कारण फॉल्ट कळून तुकडा वेगळा करता आला नाही तर लोक अंधारातच राहतात. रिक्लोजर याहून पुढचं काम करतो, लाइन स्वतः तोडून परत जोडतो. पण एका रिक्लोजरच्या पैशांत असे बरेच संच होतात. फाटे जास्त आणि पैसे कमी असतील तर आधी इंडिकेटर.

सॉफ्टवेअरमध्ये पोल नंबर भरून थांबू नका. ‘एफपीआय ०७, फेज बी, परमनंट’ असा निरोप रात्री दोनला कुणाच्या उपयोगाचा? ‘म्हसोबाच्या ओढ्यापासून पुढं, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं’ असं लिहा. वायरमनला बोलावून, त्यांच्या तोंडची नावं विचारून भरा. या कामाला एक दुपार लागते.

ऑर्डरमध्ये या गोष्टी लेखी हव्यात: तारेवरचा दिवा, हातातला रीडर, दोन कंपन्यांची सिम चालणारी पेटी, बॅटरी जागेवर बदलता येणं, आयपी ६७ किंवा त्यावरचं जलरोधन, आणि माहिती आयईसी ६०८७०-५-१०४ सारख्या खुल्या पद्धतीनं बाहेर देण्याची सोय. शेवटची अट नसली तर सगळा डेटा पुरवठादाराच्या सर्व्हरवर अडकतो आणि दरवर्षीचं भाडं थकलं की नकाशा बंद.

माल ताब्यात घेताना प्रत्येक नगातून इंजेक्शन किटनं ठरवलेल्या सेटिंगच्या थोडा खाली आणि थोडा वर करंट सोडून बघा. खाली गप्प राहिला पाहिजे, वर लागला पाहिजे. ही चाचणी दरवर्षी गुढीपाडव्याच्या आत करा. मेअखेरच्या मान्सूनपूर्व कामात ढकलली तर वळीव तोवर येऊन गेलेला असतो. चाचणी झाल्यावर पोलवर ऑइल पेंटनं बॅटरी बदलल्याचा महिना आणि सेटिंगचा आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी वर चढणारा माणूस वेगळा असू शकतो.